लहान मापाची टोपी

२ फेब्रुवारी

श्रीमती विहीणबाई यांस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

शिलाई मशीनच्या खडखडाटात आयुष्य गेलं, फोनवर मला निम्मंच ऐकू येतं, म्हणून आपलं पत्रच बरं. तर बातमी अशी, की आपण दोघी आजी होणार! सूनबाईला दुसरा महिना चालू आहे. आईला मीच सांगेन, घाई करू नका, असं ती म्हणत होती. पण मला कुठला धीर?

तब्येतीची काळजी नको. सकाळी पेलाभर दूध आणि दोन अंडी, दुपारी चीज, रात्री मासळी. नाक मुरडते, पण मी समोर बसून गोष्टी सांगत सांगत शेवटचा घासही भरवते. माहेरी तुम्ही तिला उपाशी ठेवत होतात की काय? थट्टा हो, रागावू नका.

आमच्या यजमानांनी दुकानातलं सगळ्यात मऊ कापड बाळाच्या टोपीसाठी बाजूला काढलं आहे. जगाची डोकी मापली, आता घरचं मापायचं म्हणतात.

कळावे. लोभ आहेच, आता त्यात वाटेकरी येतो आहे.
आपली विहीण


६ फेब्रुवारी

सौ. विहीणबाई यांस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि आनंद व्हायच्या आधी हे लिहायला बसले. आधी एवढं करा. दूध, अंडी, चीज, मासळी आजच्या आज बंद.

आपण खातो त्या प्रथिनांतून एक अमिनो आम्ल सुटतं आणि यकृतातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचं रूप बदलून टाकतं. बबीच्या यकृतात ते विकर जन्मापासून काम करत नाही. आम्ल रक्तात साठतं आणि मेंदूला बाधतं. ती तान्ही असताना टाचेतल्या रक्तावरून हे कळलं. पुढे कित्येक वर्षं मी तिला वजनकाट्यावर मोजून जेवू घातलं, वर औषधी पावडर पाजली. ती मोठी झाल्यावर तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, मेंदूची वाढ झाली, आता सगळं खाऊ दे. आम्हाला वाटलं, सुटलो. म्हणून लग्न ठरताना बोललो नाही.

आता डॉक्टर सांगतात की हा आजार जन्मभराचा आहे. आईच्या रक्तातलं ते आम्ल पोटातल्या बाळात आणखी जास्त चढतं. बाळाला आजार नसला तरी त्याचं डोकं लहान राहू शकतं, हृदयात दोष राहू शकतो. बबीला फोन केला, तर तिने शपथ घातली, सासूबाईंना कळवू नकोस, मी हळूहळू कमी करते. विहीणबाई, हृदय आत्ता घडतं आहे. हळूहळू करायला वेळ नाही. लेकीची शपथ मोडून लिहिते आहे.

तुमच्या गावातल्या डॉक्टरांचा पत्ता मागे लिहिला आहे. उद्याच तिला न्या.

लोभ ठेवा असं म्हणायची आज हिंमत नाही.
आपली विहीण


१० फेब्रुवारी

श्रीमती विहीणबाई यांस,
नमस्कार.

आम्ही टोप्या शिवतो, कुणाला घालत नाही. तुम्ही मात्र टोपीवाल्यांनाच टोपी घातलीत.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. रक्तातला त्या आम्लाचा आकडा हवा त्याच्या पाचपट निघाला. मी समजून घेतलं. कापणारा कापतोच आहे आणि शिवणारा गैरहजर, मग टेबलावर कापडाचा ढीग होणारच. तो ढीग मी माझ्या हातांनी वाढवला, गोष्टी सांगून. एक शब्द आधी सांगितला असतात, तर? आता पत्र लिहायची माझी इच्छा नाही. पथ्य पाळलं जाईल.

आपली विहीण


१९ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न.

तू सांगितलंसच. सासूबाई ताट ठेवतात आणि निघून जातात. सासरे टोपीच्या कापडाबद्दल बोलत नाहीत, ते कापडही दिसत नाही. हे दुकानात मान खाली घालून बसतात. पावडरीच्या वासाने ओकारी येते. साधी भाजी खाल्ली तरी वाटतं, बाळाला काहीतरी होतंय. म्हणून मी जेवण जवळजवळ सोडलंच आहे.

तरी आज रक्ताचा आकडा वाढून आला. आई, मी काही खात नाही, मग हा वाढला कसा? आता सोडायचं तरी काय? तुझ्यावर खूप राग आहे, पण दुसऱ्या कुणाला विचारू?

तुझी,
बबी


२२ फेब्रुवारी

सौ. विहीणबाई यांस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुम्ही लिहू नका, पण वाचा. पोरीने जेवण सोडलं आहे. उपाशी राहिलं की शरीर आपलेच स्नायू मोडतं आणि त्यातूनही तेच आम्ल सुटतं. तिने अंडी खाल्ली काय आणि स्वतःला खाल्लं काय, बाळाच्या दृष्टीने एकच. तिला पोटभर खायला हवं, फक्त डॉक्टरांनी लिहिलंय तेच, आणि पावडर चुकवून चालणार नाही.

मी तिला धाक दाखवून भरवलं. म्हणून ती जेवणाला अजून भिते. रुसलेल्या माणसाला प्रेमाने शेवटचा घास भरवणं मला कधी जमलं नाही, तुम्हाला जमतं, हे तुमच्याच पत्रात वाचलं. माझ्यावर राग खुशाल ठेवा. पण तिच्या ताटासमोरून उठू नका.

सोबत माझा वजनकाटा पाठवते आहे. कायमचा दिला आहे, मागे घेणार नाही.
आपली विहीण


१४ जुलै

श्रीमती विहीणबाई यांस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

इतके दिवस सूनबाईच कळवत होती, आज मी लिहिते आहे. तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून ताटासमोरून उठले नाही. पावडर आधी मी चाखली. देवा, काय ती चव! त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली आणि प्याली. मग रोज फळांच्या रसात कालवून, माझ्या सासूच्या चहाड्या सांगत पाजली. मार्चपासून आकडा मापात आहे.

पण आधीचे आठवडे कुणी परत आणून देत नाही. सोनोग्राफीत बाळाचं हृदय ठीक दिसतं आहे. डोक्याचं माप मात्र खालच्या रेषेला टेकलं आहे, जन्मल्यावरच नक्की कळेल म्हणतात. यजमान कापडाला हात लावत नाहीत. मला फार भीती वाटते. तुम्हालाच सांगते, कारण दुसऱ्या कुणाला ही भीती कळणार नाही.

लवकर या. राग अजून थोडा आहे, समोरासमोर संपवू.
आपली विहीण


२८ सप्टेंबर

श्रीमती विहीणबाई यांस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

मुलगी झाल्याचं तुम्हाला फोनवर कळलंच. पुढचं मला लिहायचं होतं. टाचेच्या रक्ताचा निकाल आला, आजार नाही. हृदय नीट आहे. पुढची काही वर्षं तपासत राहा, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. सूनबाई पथ्य सोडणार नाही. जन्मभर, असं स्वतःच म्हणाली.

आता ऐका. बाळाला बघायला निघताना यजमानांनी खिशातून टोपी काढली. माझ्या नकळत कधीतरी शिवली होती. इतकी लहान, की माझ्या मुठीवर बसेल. मी विचारलं, हे काय माप? खाली बघत म्हणाले, "डोकं लहान निघालं तर मोठ्या टोपीत ते अजून लहान दिसेल. लोक बघतात. आपल्या नातीला तरी टोपी नीट बसावी."

मी रडले, विहीणबाई. मग दवाखान्यात त्यांनी ती टोपी बाळाला घालून पाहिली. कपाळापर्यंत उतरेना. ओढून पाहिली, तिरकी करून पाहिली. पोरगी किंचाळायला लागली. जन्मात त्यांचं माप चुकलं नव्हतं. ते तिथेच जमिनीवर बसले आणि हसत राहिले, डोळे पुसत.

ती टोपी सोबत पाठवते आहे. जपून ठेवा. दुसरी मशीनवर चढली आहे, तुम्ही येईपर्यंत तीही लहान होईल, म्हणून उशीर करू नका.

आपली विहीण