शेवटच्या सहा पेट्या

२ मार्च

शेड रिकामी करायचं फर्मान आलं! पंधरा दिवसांत. खाण बंद पडून सव्वीस वर्षं झाली, आता ड्रिलमधून निघालेल्या या दगडाच्या कांड्या फोडून रस्त्याखाली भराव घालणार म्हणे. सव्वाचारशे पेट्या. माझं काम फक्त यादी करायचं. साहेब म्हणाले, फार बारकाईने बघत बसू नका. हे मला सांगतात!

५ मार्च

बारकाईनेच बघतेय. रोज डोंगर वरून खाली वाचते. वरच्या पेट्यांत हिरवट तांबं, त्याखाली शिसं आणि शिशात लपलेली चांदी. मध्ये मध्ये जस्ताचं ते काळं खनिज — जुन्या लोकांना ते नकोच होतं, शिव्या घालत त्यांनी ते बाहेर फेकलं. शेडमागची अख्खी टेकाडं त्याचीच आहेत.

कांडी जिभेने ओली करून बघायची मला सवय, म्हणजे रंग खुलतो. आईला किळस येते. ती स्वतः सहा वर्षं याच शेडमध्ये कांड्या धुवायला होती, तरी! तेव्हा सात बायका होत्या. ड्रिलवाले चिखलाने लडबडलेल्या कांड्या ट्रेमध्ये पाठवायचे, बायका त्या धुऊन पेटीत ओळीने लावायच्या. मग साहेब लोक येऊन वाचायचे.

८ मार्च

आज यादी करताना ड्रिलचं ते भोक हाती लागलं. शेवटचं. ज्याने खाण बंद पाडली ते. तीनशे बारा मीटर खोल.

नोंदवहीत लिहिलंय — दोनशे पंच्याऐंशीला खनिजाची शीर भरघोस, मग बारीक, मग नुसती गारगोटी. शेरा : शीर संपली. त्या दोन शब्दांवर नऊशे माणसं घरी बसली.

बाबा शेवटच्या पाळीचे मुकादम. त्यांनी तेव्हाच्या साहेबांच्या टेबलावर मूठ आपटून सांगितलं होतं, शीर संपलेली नाही, दम घेतेय, खाली आहे. कोणी ऐकलं नाही. तेव्हापासून त्यांना गावात नावच पडलं — ‘खाली आहे’. न्हाव्याच्या दुकानातसुद्धा विचारतात, काय मुकादम, अजून खालीच का? बाबा हसतात. घरी आल्यावर मात्र जेवत नाहीत.

९ मार्च

काहीतरी खटकतंय. झोपून विचार करते.

१० मार्च

सापडलं! सापडलं! सापडलं!

जमिनीतून कांडी तोडून वर ओढताना नळीतली पकड तिला खालच्या टोकाला चावते. ओरखडे उठतात. नेहमी खालच्याच टोकाला — दुसरीकडे उठूच शकत नाहीत. सव्वाचारशे पेट्यांत तसंच आहे. फक्त या भोकाच्या शेवटच्या सहा पेट्यांत ओरखडे वरच्या टोकाला! म्हणजे कांड्या उलट्या लावल्यात. तळची वर, वरची तळाला.

म्हणजे शीर बारीक होत संपली नाही. गारगोटीतून बाहेर पडून जाड होत गेली, आणि जिथे ड्रिल थांबवलं तिथेच सगळ्यात भरघोस होती. कोणीतरी डुलक्या घेत ट्रे चुकीच्या बाजूने रिकामा केला आणि अख्खं गाव घरी बसलं! त्या बाईला शोधून तिचा जाहीर सत्कार केला पाहिजे.

मी शेडमध्ये एकटीच नाचले. लाज वाटली नाही.

११ मार्च

बाबांना सांगितलं. ते उठून अंगणात गेले आणि तोंडावर पाणी मारून परत आले. म्हणाले, ‘साहेबाला दाखव. माझं नाव नको घेऊस, नाहीतर हसण्यावारी नेतील.’

आईला विचारलं, तेव्हा पेट्या कोण लावायचं गं? म्हणाली, सगळ्याच लावायच्या, कोणाकोणाचं लक्षात ठेवू. आणि भांडी घासायला गेली.

१४ मार्च

साहेब तासभर भिंगातून ओरखडे बघत होते. आधी म्हणाले, योगायोग. मी दुसरी पेटी पुढे केली. मग तिसरी. सहाव्या पेटीला त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मला खुर्ची दिली. नऊ वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा! शेड रिकामी करायचं थांबवलं.

२ मे

ड्रिल करायला मंजुरी आली. नवीन भोक नाही, जुनंच साफ करून पुढे जायचं. ड्रिलवाला आमच्याहून उतावीळ. बाबा रोज सकाळी टेकडीवर जाऊन त्याच्या शेजारी बसतात आणि न विचारता सल्ले देतात. तो बिचारा ऐकून घेतो.

१९ मे

आज तीनशे बाराच्या पुढे.

नळी रिकामी केली, चिखल. मी बादली ओतली. आणि शिसं! चौकोनी, चकचकीत, पहिल्या कांडीपासून. दुसरीत तेच, तिसरीत तेच. सात मीटर सलग! ड्रिलवाल्याने हातातला पाना खाली ठेवला आणि सरळ बाबांच्या पाया पडला.

बाबा म्हणाले, ‘मी म्हणत होतो.’ एवढंच. दोनदा.

मग रडले. मी पण रडले. साहेबांनी टोपी काढून हातात घेतली होती आणि ती कुठे ठेवावी ते त्यांना कळत नव्हतं.

२० मे

न्हाव्याने बाबांची दाढी करता करता दुकानातल्या प्रत्येकाला सगळी हकिकत सांगितली, पहिल्यापासून, जणू त्यानेच ड्रिल मारलं! बाबा तिथे दोन तास बसून होते. दाढी एकच.

६ जून

चांदीचा अहवाल आला. जुन्या खाणीत कधी नव्हती एवढी. साहेब मला आता ताई म्हणतात.

३० ऑगस्ट

पंप चालू झाले. खाणीच्या खालच्या मजल्यांत साठलेलं सव्वीस वर्षांचं पाणी डोंगराच्या तोंडातून गंजासारखं तांबडं बाहेर येतंय. गाव बघायला लोटलं. बाबांना पुढे उभं केलं, फोटो काढले. बाबा दहा वर्षांनी लहान दिसतात. आई आली नाही. पाय दुखतो म्हणाली. तिचं हे आजकाल रोजचंच, मला तर रागच आला. नवऱ्याचं एवढं कौतुक चाललंय, दहा मिनिटं यायला काय होतं?

११ सप्टेंबर

रागाच्या भरात आज आईला बोललेच. तुला बाबांचा आनंद बघवत नाही का?

ती पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘त्या पेट्या मीच उलट्या लावल्या. शेवटच्या कांड्या धुताना शिशाने हात काळे झाले, तेव्हाच कळलं खाली काय आहे ते. त्या आठवड्यात खालून तिघांना चादरीखाली झाकून वर आणलं होतं. त्यांचे जेवणाचे डबे मीच घरोघरी पोचवले. दोन डबे भरलेलेच होते. आणि खाली नव्या मजल्यावर उतरणाऱ्यांच्या यादीत ह्यांचं नाव लागलं होतं.’

मी म्हटलं, आणि गाव? बाबा? सव्वीस वर्षं लोक हसले त्यांना.

‘हसू देत,’ ती म्हणाली. ‘घरी होते ना.’

बाहेर बाबा कोणाला तरी शीर कशी दम घेते ते समजावत होते.

१२ सप्टेंबर

येत्या सोमवारी खाणीत खाली उतरणाऱ्यांची यादी आज लागली. पहिलं नाव माझं. आईला अजून सांगितलेलं नाही.