कॉम्प्युटरचा पंखा आणि ह्यांची खोळ

१७ एप्रिल २००६, सोमवार

आज परत तीनदा बंद पडला. किनारीची वेल अर्ध्यावर, आणि पडदा काळा. आधी पंखा घरघरतो, मग गप्प, मग कॉम्प्युटरच गप्प. डब्याला हात लावला तर तवा.

मुनीरशेठना २९ ला चादरीच्या किनारीची डिझाइन द्यायची आहे. हे गेल्यावर टिकलेलं एकच गिऱ्हाईक. दुपारी त्यांचा फोन: "भाभी, सुरतवाला दोन दिवसांत करून देतो म्हणतो. मी म्हटलं, आधी भाभीला विचारतो." देते म्हणाले. कशावर देणार?

सुधाकरभावोजी दारातूनच, "वहिनी, विकून टाका. दादानं घेतला तेव्हा भाव होता. आता भंगारवालाही तोंड वाकडं करेल." चहा टाकला.

१८ एप्रिल, मंगळवार

बाजूचा पत्रा काढला. पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पात्या असतात, त्यांत आजूबाजूच्या मागांचा कापूस गच्च, गादीत भरावा तसा. आणि तेलकट. गेल्या महिन्यात पंखा कुरकुरला तेव्हा मीच मागाचं तेल सोडलं होतं. भिवंडीच्या ह्या कामतघरात कुरकुरेल त्याला तेल, दुसरं औषध माहीत नाही. बिजागरीला, शिलाई मशीनला, मागाला. इथला कापूस तेलाला धरून बसला.

बांबूच्या काडीनं उकरत बसले. निम्माही निघाला नाही. जेवण करपलं.

२० एप्रिल, गुरुवार

डबा ओढणीत बांधून रिक्षानं भोईरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात. वडपे गावची जमीन गोदामाला देऊन त्यानं हे दुकान टाकलंय. झाकण काढायच्या आधी त्यानं नाक लावलं.

"ताई, तेल घातलाव."

"कसं कळलं?"

"कामतघरचा डबा आला का मी आदी वास घेतो. यो पंखा गेला. आता नवाच बसवायला लागंल."

तीन दाखवले. एक छोटा, होता तसाच, स्वस्त. एक निळ्या दिव्याचा. ("पोरं ह्योच नेतात." म्हटलं, दिवा माझ्या देवघरात आहे.) तिसरा उंच, वर मोठा पंखा, खालच्या पात्या लांब लांब, विरळ. किंमत छोट्याच्या दुप्पट.

"तिसरा बसवला तर बाजूचा पत्रा बंद व्हनार न्हाय," हेही त्यानंच सांगितलं. खोटं बोलत नाही, एवढं आहे.

कापूस कुठल्यात कमी अडकेल? त्यानं खांदे उडवले. "कंपनीवाल्यांनी भिवंडी बघितली हाय का?"

डबा तिथेच ठेवून आले. घरी टेबल रिकामं. उगाच दोनदा पुसलं.

२१ एप्रिल, शुक्रवार

माग बंद. शुक्रवारची सुट्टी, एवढी शांतता की बसवेना. रद्दीतून आणलेली कॉम्प्युटरची दोन इंग्रजी मासिकं डिक्शनरी घेऊन वाचली. गार किती, आवाज किती, सगळं दिलंय. कापसाबद्दल एक ओळ नाही.

भांडी घासताना सुचलं. दाट दात्यांच्या बारीक फणीच्या मागावर कापूस आधी धरतो, विरळ जाड फणीतून उडून जातो. हे म्हणायचे, फणी बघून झाडू ठरव. छोट्या पंख्याच्या पात्या बारीक फणी. उंचाच्या जाड, ब्रश आत जाईल.

पण छोटा जुन्यासारखाच घरघरला असता. दुपारी हे खुर्चीत डुलकी घ्यायचे तेव्हा तोच आवाज. पंखा निवडायचं हे काही कारण नाही, माहीत आहे. तरी...

२४ एप्रिल, सोमवार

उंच घेतला. भोईर म्हणाला, "ताई, मंग खरंच पत्रा उघडा ठेवनार?" म्हटलं, ठेवीन.

जुना मागून घेतला. रॉकेलमध्ये बुडवून ठेवलाय. कशाला, विचारू नये.

२५ एप्रिल, मंगळवार

चार तास चालला. पण आवाजच नाही. चालू आहे की नाही कळेना, दर थोड्या वेळानं उठून पात्यांशी बोट नेऊन पाहते. गार. बसते. परत उठते.

ह्यांनी डब्यासाठी शिवलेली खोळ आता वर बसत नाही. स्वतःच्या पहिल्या डिझाइनच्या तुकड्याची खोळ. एका बाजूनं फुगून राहते, खाली कापसाला वाट.

भावोजी येऊन पाहून गेले. "पत्र्याला भोक पाडून आणतो वहिनी, पंखा बाहेर राहील, पत्रा बंद होईल." विकायचं नाव काढलं नाही. पण खोळीलाही तिथेच भोक पाडावं लागेल, हे त्यांच्या लक्षात नाही आलं.

२८ एप्रिल, शुक्रवार

वेल पूर्ण. माग बंद, पंखा मुका, फक्त कीबोर्ड. रडू आलं. थांबवलं नाही, कामही थांबवलं नाही.

२९ एप्रिल, शनिवार

मुनीरशेठ स्वतः आले सीडी न्यायला. पडद्यावर किनार पाहिली, मान हलवली. मग उघड्या डब्याकडे बोट. "भाभी, ह्याचं पोट का उघडं?"

"गरम व्हायचा."

"टिकेल?"

"झाडत राहीन."

"कपडा मागावर विणून येऊ दे. किनार बसली तर उशांच्या खोळीही तुम्हालाच." हो म्हणाले नाहीत. नाहीही नाही.

सकाळी माग सुरू झाले होते. आता नव्या पात्यांवर पहिला कापूस दिसतोय, पांढरा, भुरभुरीत. फुंकर मारली. उडाला, आणि थोडा परत येऊन बसला.

कात्री खोळीजवळ काढून ठेवली आहे. पत्रा भावोजींना नेऊ द्यायचा की नाही, ते अजून...