साथीने मृत्यू : निरंक

प्रिय आत्या,

सासूला कुणी ‘प्रिय’ लिहितं का, असं तुम्हीच म्हणाला असतात. पण उद्या सव्वीस जानेवारी. झेंडावंदन झालं की ग्रामसभा, आणि पंचायतीच्या वर्षभराच्या कामाचा अहवाल सरपंचानं, म्हणजे मी, माइकवर वाचायचा आहे. हे मांडवगणला माइक आणायला गेलेत. घर रिकामं आहे तोवर तुमच्याशी बोलून घेते. दुसऱ्या कुणाशी बोलू?

अहवाल भाऊसाहेबांनी, आपल्या ग्रामसेवकांनी, लिहून दिलाय. त्यात स्वाइन फ्लूचं एक अख्खं पान आहे. धुराची फवारणी केली. मास्क वाटले. मोकाट डुकरांचा बंदोबस्त केला. आठवतंय का? अर्धं गाव काठ्या घेऊन डुकरांमागं पळत होतं आणि तुम्ही ओट्यावर बसून म्हणालात, “अरं, ताप डुकराला आलाय का, इचारलं का कुणी त्याला?” ह्यांना राग आला. मी पदर तोंडात धरून आत पळाले.

त्याच पानावर शेवटची ओळ आहे. साथीने मृत्यू : निरंक.

हा शब्द तर तुमचाच की! मी सरपंच झाले त्या पहिल्या वर्षी घरात अहवाल वाचायचा सराव करत होते. भाकरी थापता थापता तुम्ही विचारलंत, “निरंक म्हंजी काय गं?” मी म्हटलं, “काहीच नाही. शून्य.” “मग काय न्हाई असं लिव्हा की. निरंक म्हणलं की कायतरी मोठं काम केल्यावानी वाटतंय.” तेव्हापासून साखर संपली की डबा उपडा करून तुम्ही हाक मारायचात, “सुमे, साखर निरंक!” पोरंसुद्धा तसंच बोलायला लागली.

आणि आता तुम्हीच निरंक. असं कसं हो, आत्या?

मी भाऊसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, “वहिनी, मयत जिथं होतं तिथं त्याची नोंद. आजी पुण्याला दवाखान्यात वारल्या. आपल्या गावचा रकाना कोराच राहणार.” नियमानं बरोबर असेल त्यांचं. मी म्हटलं, “पण ताप तर इथं चढला. अंथरूण इथं धरलं.” त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं.

हे म्हणाले, “आई दम्यानं गेली. गावाला तेच ठाऊक हाय. पहिली केस सरपंचाच्याच घरात, आन् ती बी झाकली, हे काय इरोधकांच्या हातात आयतं द्यायचं? अविश्वास ठराव आणत्याल. जे लिव्हलंय ते वाच.”

दमा म्हणे. डोक्यावर गवताचा भारा घेऊन ओढ्याची चढण एका दमात चढणाऱ्या बाईला दमा?

वन्संकडून पुण्याहून आलात ती कणकण घेऊनच आलात. आपण कांदे ठेवतो त्या खोलीत ह्यांनी तुमची खाट टाकली आणि गावातल्या डॉक्टरकडून सलाइन लावून घेतलं. दारात जीप उभी होती. नदीवरचा पूल ओलांडला की दौंडचा रस्ता, पण “दौंडला नेलं की तालुकाभर बोंब हुईल, उद्या बघू.” तो उद्या काही उजाडेना. मी तोंडाला मास्क बांधून उंबऱ्याच्या बाहेरून ताट सरकवत होते. तुम्ही भिंतीला टेकून धापा टाकत होता. मला म्हणालात, “सुमे, तू सरपंच हायेस न्हवं? मग मला हितनं भाईर काढ की.”

मी ह्यांच्यापाशी गेले, भांडले, रडले. जीपची किल्ली ह्यांच्या खिशात होती आणि माझ्याकडं होता पंचायतीचा शिक्का. शेवटी दौंडला नेलं तर तिथून पुण्याला पाठवलं, आणि पुढं जे झालं ते झालं.

अहवालाला मास्कवाटपाचा फोटोही जोडलाय. मी मास्क देतेय आणि पहिला मास्क घेणाऱ्या तुम्ही. शिंप्यानं परकराच्या कापडाचा शिवलेला तो मास्क. तुमचे नुसते डोळे दिसतात, तेसुद्धा हसरे. खाली लिहिलंय, ‘लाभार्थी महिला’. फोटोत आहात, अहवालात आहात, फक्त मेलेल्यांत नाही.

तुमच्यावरही राग आहे माझा. सांगू? मला खुर्चीत बसवताना तुम्हीच म्हणाला होता, “टेकून बस. अर्ध्या खुर्चीवर बसती ती अर्धंच बोलती.” आणि स्वतः लेकापुढं कधी तोंड उघडलंत का? मला दौंडला ने रे, असं त्यांना का नाही म्हणालात? मला म्हणालात. ह्या घरात माझं कोण ऐकतं, ते तुम्हाला ठाऊक नव्हतं का?

ह्यांनाही सुख नाही, खोटं कशाला बोलू. त्या खोलीला कुलूप घातलंय. यंदाचे कांदे पडवीत पडलेत, पण खोली उघडू देत नाहीत. जेवताना मधेच हात धुऊन उठतात. दोघंही एकाच घरात कोंडल्यासारखे राहतोय, आणि ‘आई’ हा शब्द कुणी काढत नाही.

उद्या लिहून दिलेलं मी वाचलं नाही तर काय होईल? ठराव येईल. खुर्ची जाईल. ती गेली तर गेली, पण ह्या घरात मला जागा उरेल का? माहेरी भाऊ आहे, भावजय आहे, तिथं किती दिवस? पोरांची शाळा इथं. रात्रंदिवस हाच विचार करतेय आणि फिरून फिरून तिथंच येतेय.

पण एक वचन देते, आत्या. उद्या त्या ओळीपाशी आले की ‘निरंक’ माझ्या तोंडून निघणार नाही. तिथं मी तुमचं नाव घेईन.

सासूचं नाव सुनेनं घेऊ नये, हे तुम्हीच शिकवलंत. लग्न झाल्यापासून एकदाही घेतलं नाही. रेशनच्या दुकानात विचारलं तरी शेजारणीला सांगायला लावायचे. उद्या माइकवर जीभ अडायला नको म्हणून मघाशी त्या कुलूपबंद दाराशी उभी राहून म्हणून बघितलं. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा आला.

हौसाबाई.

रागावू नका. जीप आली वाटतं दारात.

तुमची सून,
सुमन
सरपंच