जन्म शुक्रवारचा

बेंगळुरू
ता. १२ नोव्हेंबर २०२४

जिवलीबाय,

रामराम. तू आणि पोरं बरी असाल. आयच्या डोळ्यांचं विचारत नाही, ठाऊक आहे.

तू फोन कापतेस म्हणून कागद. फाडशील, पण वाचल्याशिवाय नाही, तेवढी तुला ओळखतो.

इथे मासळी महाग आणि शिळी. मी आता ऑफिसात चहा देत नाही, वर्षभर झालं कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहितो. नववी नापासाला हे जमणार नाही म्हणणारे चार जण आहेत. चौघंही अडले की माझ्याकडेच खुर्ची सरकवतात.

प्रोग्राममध्ये कामाचे छोटे तुकडे असतात. प्रत्येकाच्या हातात काहीतरी द्यावं लागतं, नाव, वय, जन्मतारीख. भलतंच दिलं की तुकडा काम टाकून ओरडतो. त्याला एरर म्हणतात. आमच्याकडे एकच तयार ओरड होती, ‘माहिती अवैध’. काहीही चुको, तेच. नाव नोंदवणाऱ्या खिडकीवरच्याला कळत नाही काय चुकलं, तो समोरच्या माणसालाच परत पाठवतो.

मी माझी वेगळी एरर बनवली. तसं करता येतं. तिला नाव द्यायचं आणि ती काय बोलणार ते आपण ठरवायचं. माझी सांगते की कुठल्या रकान्यात काय आलं आणि काय हवं होतं. तारखेच्या जागी वार आला तर म्हणते, ‘तारीख माहीत नाही. अंदाजे वय लिहा. माणसाला परत पाठवू नका.’

आमचे साहेब जतीनभाई म्हणाले, शेवटची ओळ काढ, एररने हुकूम सोडायचा नसतो. आणि हे नाव कसलं? काळ्या कोण?

“मी, घरचं नाव,” म्हटलं.

“एररला कोणी स्वतःचं नाव देतं का?”

“ज्याचं चुकलं त्याने द्यावं.”

येत्या सोमवारपर्यंत बदल, नाहीतर घरचा रस्ता धर, म्हणाले. बदललं नाही. बदलणारही नाही. ज्यांचं काम आहे त्या ट्रस्टच्या भाविनीबेनने एरर बघून पसंत केली, त्यांच्या कॉम्प्युटरवर चढलीसुद्धा.

बाय, आपल्या तळासरीचा डोळ्यांचा कॅम्प त्याच ट्रस्टचा. आणि आयला ज्याने परत पाठवलं तो तारखेचा तुकडा मीच लिहिला होता. माझं पहिलं काम. दिवस, महिना, वर्ष नसेल तर बाद, असं ऐटीत लिहिलं. अर्ध्या पाड्याची नावं वारावरून आहेत, आपली आय शुक्रवारची म्हणून शुक्री, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

घरी येऊन ती तुला म्हणाली, “मी जन्मालाच चुकीची आले काय गं?” तू मला फोनवर सांगितलंस, आणि मी म्हटलं, मशीनचं काय सांगता येतं. तेव्हापासून तू फोन कापतेस. मशीन नव्हतं बाय. मी होतो.

माफी मागत नाही. माफीने मोतीबिंदू निघत नाही.

पंचवीस तारखेला परत कॅम्प आहे. कासावरून सकाळची जीप धर, आयला त्याच खिडकीवर ने. जन्म कधीचा विचारलं तर तिने शुक्रवारच सांगावं, मोठ्याने. दुसरं काही पढवू नकोस. तरी कोणी परत जा म्हणालं, तर त्याला पडद्यावरचं वाचायला लाव आणि तिथूनच मला फोन कर. नोकरी असो नसो, उचलेन.

आयला परत पाठवणारा आणि आता हटून बसलेला,
तुझा भाऊ
काळ्या