गोळीच्या वेळची हाक

पपा, तुझी नात आज तारकर्लीला पोहण्याच्या शर्यतीत मुलग्यांनाही मागे टाकून आली. ओल्या केसांनी भट्टीपाशी उभी राहून नुसते पाव खात सुटली, आणि तुझी इतकी आठवण झाली की पीठ मळायचं सोडून लिहायला बसले.

नवरा गेल्यावर बाळ पोटात घेऊन मी तुझ्याकडे परत आले. तपासणीत मला एचआयव्ही निघाला, तेव्हा तू एवढंच विचारलंस, "जेवलंस काय गो?" रोज गोळी घ्यायची होती, पण ती बाळाला बाधेल या भीतीने माझा हात थबकायचा. मग तू मला घेऊन डॉक्टरांकडे गेलास. "डॉक्टरसाहेब, या औषधाने बाळाला अपाय..." इथवर तुझी शुद्ध मराठी टिकली. पुढे एकदम, "माझ्या चेडवाच्या बाळाक काय होवचा नाय मा?"

"गोळ्या थांबवल्या तर आजार बाळाला जायची भीती मोठी आहे," डॉक्टर म्हणाले. "गोळ्यांमुळे बाळ कदाचित लवकर येईल, वजन किंवा रक्त कमी भरेल. त्यावर आपण लक्ष ठेवू शकतो."

दुसऱ्या दिवसापासून गोळीची वेळ झाली की तू भर गिऱ्हाइकात ओरडायचास, "गो, आतले पाव भाजले काय?" आत पाव नसायचेच. मी गोळी गिळून ओरडायची, "भाजले!" एकदा एक म्हातारी आतलेच पाव हवेत म्हणून अडून बसली, तेव्हाचा तुझा चेहरा!

ती जन्मली ती खरंच एवढीशी. तिलाही काही आठवडे औषधाचे थेंब होते. त्या थेंबांनी अंगातलं रक्त कमी झालं, ओठ पांढरे पडले. तू तिला कोवळ्या उन्हात घेऊन बसायचास, तिची नखं पुन्हा पुन्हा बघायचास. थेंब संपले की भरून येईल, असं डॉक्टर म्हणाले होते आणि तसंच झालं. एके सकाळी ती रडून लालबुंद झाली आणि तू भट्टीसमोर नाचलास, "बघ, बघ, रगात इला!"

ती दीड वर्षाची झाल्यावर शेवटची तपासणी झाली. तिला आजार नव्हता. त्या दिवशी तू पाव फुकट वाटलेस आणि विचारणाऱ्याला "माझो वाढदिवस" म्हणालास. तुझा वाढदिवस नाताळच्या आसपास, आणि तेव्हा ऐन मे महिना.

गेल्या रविवारी मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पोटात आसतानाच इतकी औषधां खाल्लंय? मगे आता तापाची गोळी माका नको." आणि गळ्यात पडली. पोटात असतानाच ही औषधं मिळालेल्या मुलांबद्दल आम्हीही अजून शिकतोय, असं डॉक्टर सांगतात. तिची उंची, वजन आवर्जून विचारतात. उंचीत तिने मला कधीच मागे टाकलंय.

तू गेलास तिथे टपाल जात नाही, हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? राहू दे इथेच. पण तुलाच सांगते, तिला कळायला नको: शर्यत जिंकून आल्यावर ती दोनदा शिंकली, आणि मी लगेच मनातल्या मनात त्या जुन्या गोळ्यांना शिव्या घातल्या.