केसांतले पट्टे

फर्गसा,

अख्ख्या डंडी शहराला थापा मार, पण तुझे केस कापणाऱ्या बहिणीला नको. किडनीतल्या गाठीला वाढवणारी काइनेज नावाची प्रथिनं तुझी गोळी गप्प करते, आणि केसांना रंग देणारंही त्यांतलंच एक, हे तूच सांगितलंस. चार आठवडे गोळी, तेव्हा केस पांढरा उगवतो. दोन आठवडे सुट्टी, तेव्हा काळा. वर्षभर हे पट्टे मी बघतेय. काल मात्र मुळापासून दोन बोटं नुसतं काळं होतं.

"गोळ्या घेतोयस ना?"

"घेतो गं बाई! पोलिसात लागलीस का?" बायकोसमोर, एल्स्पेथसमोर हसलास.

हे पत्र टाकणार नाही. तिच्या हाती पडेल. पुढच्या वेळी विचारणारही नाही. फक्त मुळं बघेन.

तुझी,
इशबेल