बिथुस सम्राट झाला त्याची हकिगत

डॅन्यूबकाठची छावणी,
मार्चअखेर

चि. प्लाया हिस,
दासियसदादाचे आशीर्वाद. मी खुशाल आहे. तू पाठवलेलं मेंढीचं चीज आणि लोकरीचे मोजे पोचले. इथे बर्फ वितळतंय, जिकडेतिकडे चिखल. बाळाला दात आले का?

तुझा नवरा सम्राट झाला, हे तुला कळलंच असेल. बिथुसने गॉथ टोळ्यांना नदीपार पळवलं आणि त्याच दिवशी फौजेतल्या पोरांनी सम्राट म्हणून त्याला ढालीवर बसवून उचललं. ढालीची एक बाजू माझ्या खांद्यावर होती. वरून मला म्हणतो कसा, "दाश्या, नीट धर रे, पाडशील मला!" सगळे हसले. मीही हसलो.

प्लाया, आम्ही दोघं एकाच दिवशी भरती झालो. भाला माझा लांब जायचा. गॉथांना ज्या ओढ्यात कोंडलं, तो ओढा मी हेरला होता. पण बोलायला त्याला यायचं. तूही त्याच्या बोलण्यावरच भाळलीस.

त्याने मला तंबूच्या पहाऱ्यावर मुख्य नेमलं. "दुसऱ्या कुणावर भरवसा नाही, मेव्हण्या." तो सम्राटाचा जांभळा झगा घालून जेवायचा आणि मी मागे उभा! एकदा त्याने आपल्या ताटातलं मांस मला दिलं. प्रेमानेच दिलं. मी ते बाहेर कुत्र्याला टाकलं.

मग खबर आली, इटलीत आधीपासून गादीवर असलेला सम्राट बिथुसवर मोठं सैन्य घेऊन निघालाय. परवा भर दुपारी निशाणवाला मुक्को माझ्याजवळ आला.

"आम्हाला त्याच्यापायी मरायचं नाही, दासियस. तू जरा पाणी पिऊन ये."

"आणि मग?"

"मग काय! पुढे सम्राट म्हणून कुणीतरी लागेलच की."

मला तहान नव्हती. तरी विहिरीपर्यंत गेलो. तंबूतून बिथुसने हाक मारली ती मलाच.

परत आलो तेव्हा मुक्को आणि त्याचे साथीदार तंबूतून बाहेर पडत होते. मी शिरस्त्राण सरळ करून ताठ उभा राहिलो. एकानेही माझ्याकडे वळून पाहिलं नाही. संध्याकाळी सगळ्यांनी इटलीवाल्याच्या नावाने शपथ घेतली. मीही घेतली. आणि खरं सांगतो, तेव्हाही मनात हेच आलं, की त्याला निदान ढालीवर उचललं तरी होतं.

तुला न्यायला घोडेस्वार येतील. राजवाड्यात बोलावलंय म्हणतील, गोड बोलतील. दार उघडू नकोस. मारलेल्या सम्राटाचं पोर कुणी जिवंत ठेवत नाही. पत्र पोचताच त्याला घेऊन डोंगरात आत्याकडे निघून जा. मी सोबतीला आलो असतो. पण तिथे मी आलो, तरी दार उघडू नकोस.

पोराला मामा होता म्हणून सांगू नकोस.

दासियस